औषधाचं गाव विचारू नका, गुण विचारा

पोरांनो, घर आता तुमच्या हाती आहे. कुणाला ताप भरला, कुणाची कंबर धरली, कुणाला विंचू चावला, की काय करायचं ते तुम्हालाच ठरवावं लागणार. माझी नोकरी जामनेर तालुक्यात सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीमागे झाली. माझे वडील पंचक्रोशीत नाडी बघायचे, काढे द्यायचे. त्यामुळे जुनं आणि नवं दोन्ही मी जवळून पाहिलं. वडिलांनी सांगितलेलं आणि खिडकीमागून पाहिलेलं एकत्र करून हे तुमच्यासाठी लिहून ठेवतो.

हल्ली तुम्ही मला चिनी वैद्यकाबद्दल विचारता. आपल्याकडची मुलं चीनला एमबीबीएस करायला जातात, शहरांत सुयांचे उपचार मिळतात, मोबाइलवर रोज कुणीतरी मनगटाचा एखादा बिंदू दाबायला सांगतं. मग प्रश्न येतो, चिनी बरं की इंग्रजी बरं? माझं सांगणं असं की औषध कुठून आलं हे विचारण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. ते कोणत्या आजारावर आहे? कोणत्या वेळी घ्यायचं? आणि त्याचा गुण येतो हे कशावरून?

ही देवाणघेवाण आपल्या भूमीला नवी नाही. चिनी प्रवासी ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. त्याने वर्णन केलेला डोंगरातला विहार म्हणजे आपल्या शेजारची अजिंठ्याची लेणी, असं अभ्यासक मानतात. त्याच्यामागून आलेला ईत्सिंग नालंदेत शिकला. जेवणानंतर दात-तोंड धुणं, अजीर्णावर आधी लंघन, या भारतीय सवयी त्याने कौतुकाने टिपल्या. त्याच वेळी सुया आणि नाडीपरीक्षा यांत आपला चीन देश पुढे आहे, असंही त्याने लिहून ठेवलं. दुसऱ्याचं चांगलं घ्यावं आणि आपलं चांगलं सोडू नये, ही रीत इतकी जुनी आहे.

अलीकडचं उदाहरण आपल्या सोलापूरचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. मुंबईत शिकलेली शस्त्रक्रिया त्यांनी तिथल्या जखमी सैनिकांसाठी वापरली, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात आणलं. पाश्चात्त्य शस्त्रक्रिया इथून तिकडे गेली आणि चिनी सुई तिकडून इकडे आली. दोन्हींमुळे माणसांचं भलंच झालं.

आता एकेक गोष्ट नीट सांगतो.

१. दुखणं घाईचं की सवडीचं, हे आधी ठरवा

कोणत्याही पद्धतीकडे जाण्याआधी हा प्रश्न सोडवा. ज्यात तासातासाला जीव जाऊ शकतो ते घाईचं दुखणं. त्यात काढा नाही, मालिश नाही, सुई नाही, मंत्र नाही. थेट दवाखाना.

साप चावला तर घाई. कापसात, केळीच्या बागेत, रात्री जमिनीवर झोपल्यावर हा धोका आपल्याकडे कायम असतो. मण्यार चावली तर फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस गाफील राहतो आणि पहाटेपर्यंत श्वास अडकतो. जखम कापू नका, चोखू नका, दोरी करकचून बांधू नका. कडुनिंबाचा पाला कडू लागतो का ते बघत वेळ घालवू नका. हातातलं कडं, अंगठी, पायातलं जोडवं काढा, चावलेला भाग हलू देऊ नका, वेळ लक्षात ठेवा आणि निघा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारं प्रतिविषाचं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात फुकट मिळतं. त्या विषावर दुसरा उतारा नाही.

विंचवाचंही तसंच. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने कोकणातल्या असंख्य विंचूदंशाच्या रुग्णांचे प्राण वाचवले आणि त्यांचं काम जगभरच्या डॉक्टरांनी स्वीकारलं. अंगाला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर उतारे करत बसू नका.

लकवा मारला तर घाई. आपल्याकडे याला वाऱ्याचा विकार समजतात, चिनी वैद्यही तसंच मानत आले. म्हणून लोक तेल लावायला नेतात, देवाला नेतात. पण तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलेली किंवा फुटलेली असते. तुंबलेली असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जामनेरहून जळगाव गाठायलाच वेळ लागतो, त्यात घरचा तास-दोन तास गेला की हातपाय कायमचे जातात.

छातीत दाबल्यासारखं होऊन घाम आला, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, लहान बाळाची छाती उडायला लागली, फवारणीनंतर चक्कर आणि उलट्या सुरू झाल्या, हे सगळं घाईचं. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कापसाच्या फवारणीने शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरू नका. असं झालं तर कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा लेबलासकट दवाखान्यात न्या. डब्यावरचं नाव बघूनच डॉक्टर उतारा ठरवतात.

सवडीचं दुखणं म्हणजे जुनी कंबरदुखी, अपचन, झोप न लागणं, सांधे आखडणं, थकवा. इथे थांबून विचार करायला, दोन-तीन वाटा तपासायला वेळ असतो. जुन्या पद्धतींचा खरा उपयोग इथेच आहे.

२. दोघांची नजर समजून घ्या

चिनी वैद्य रुग्णाच्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवतो, जीभ बघतो, झोप, तहान, घाम, शौच विचारतो. शरीरात ‘ची’ नावाची शक्ती वाहते, यिन आणि यांग या जोडीचा तोल सांभाळला जातो आणि लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी अशा पाच तत्त्वांचा मेळ असतो, असं त्यांचं शास्त्र सांगतं. ‘ह्वांगती नेइचिंग’ हा त्यांचा मूळ ग्रंथ दोन हजार वर्षांपूर्वीचा. माझ्या वडिलांनीही मनगटावर तीनच बोटं ठेवली, फक्त ते वात, पित्त, कफ शोधत. दोघांचा भर एकाच गोष्टीवर होता. माणूस बघायचा, त्याचा ऋतू, त्याचं जेवण, त्याचं मन बघायचं आणि आजार येण्याआधीच त्याची वाट अडवायची.

पाश्चात्त्य वैद्यकाची नजर वेगळी. हार्वीने १६२८ मध्ये रक्त कसं फिरतं ते मोजून दाखवलं. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचं मूळ शोधलं. आजाराचं नेमकं कारण पकडायचं, ते मोजायचं आणि त्याच्यावरच घाव घालायचा, ही त्यांची रीत.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पाश्चात्त्य डॉक्टर बोंड फोडून अळी दाखवतो आणि जुना वैद्य जमीन, पाणी, वारा, पेरणीची वेळ विचारतो. अळी दिसल्यावर नुसती जमिनीची चर्चा करणारा शेतकरी पीक घालवतो. आणि दरवर्षी फवारणीवर फवारणी करून जमिनीकडे न बघणारा कर्जात जातो.

म्हणून खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्या. क्षयाचा जंतू नाडीत सापडत नाही. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर बघा, आरोग्य केंद्रात ती तपासणी फुकट होते. हे दोन्ही आजार वर्षानुवर्षं काही न दुखवता शरीर पोखरतात. आदिवासी पाड्यांवरच्या आपल्या नात्यागोत्यात, ओळखीपाळखीत लग्न ठरत असेल तर सिकलसेलची रक्ततपासणी आधी करायला सांगा. सातपुड्याच्या पायथ्याशी हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

पण तपासणीचे सगळे आकडे बरोबर आले आणि माणूस तरी म्हणतो की मला बरं वाटत नाही, तेव्हा त्याला खोटं पाडू नका. त्याची झोप विचारा, जेवण विचारा, घरात काय चाललंय ते विचारा. जुन्या वैद्याचा हा गुण डॉक्टरने सोडला असला तरी घरच्यांनी सोडू नये.

३. जुनं असेल तर घासून बघा, मग सोनं म्हणा

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९६७ च्या मे महिन्यात चीनने मलेरियावर औषध शोधायची गुप्त मोहीम सुरू केली. तू यूयू नावाच्या संशोधक बाई त्यात १९६९ मध्ये आल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो जुने नुसखे तपासले. चिंगहाओ नावाच्या वनस्पतीने कधी गुण येई, कधी येत नसे. मग गे हाँग या चौथ्या शतकातल्या वैद्याचा ग्रंथ त्यांनी पुन्हा वाचला. त्यात ही वनस्पती उकळायला सांगितलेली नाही, पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलं आहे. उकळल्याने गुण मरत असेल हे बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो प्राण्यांमध्ये पूर्ण लागू पडला. माणसांना देण्याआधी बाईंनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन बघितला. त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध मिळालं आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपण देवाला दवणा वाहतो ना, त्याच्याच कुळातली ही वनस्पती. आज फाल्सिपॅरम मलेरिया झाला तर आपल्या सरकारी दवाखान्यातही याच गटातली गोळी दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात.

यातून दोन गोष्टी शिका. एक, जुन्या ग्रंथात खरं सापडतं. दोन, ते आपोआप सापडत नाही. शेकडो नुसख्यांतून एक निवडावा लागला, अर्क काढावा लागला, मात्रा ठरवावी लागली. म्हणून ‘आपल्या पूर्वजांनी सांगितलंय’ एवढ्यावर थांबू नका आणि ‘गावंढळ आहे’ म्हणून फेकूनही देऊ नका.

पाश्चात्त्य कपाटातल्या कितीतरी गोळ्यांचं मूळही झाडातच आहे. क्विनीन पेरू देशातल्या सिंकोनाच्या सालीतून आलं. ॲस्पिरिनचा माग विलोच्या सालीपर्यंत जातो. साखरेची मेटफॉर्मिन ज्या रसायनाच्या वंशातली, ते युरोपातल्या एका रानझाडात सापडलं. देवीच्या रोगावर चीनमध्ये वाळलेल्या खपल्यांची पूड नाकात फुंकत. जेन्नरने १७९६ मध्ये गायीच्या देवीची सुरक्षित लस शोधली, १८०२ मध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या चिमुरडीला ती टोचली गेली आणि १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी उरला नाही. जुन्या अनुभवाला नव्या तपासणीची जोड मिळाली की असं काम होतं.

पण एक सावध सांगणं. साखर असलेल्या माणसाला जांभळाच्या बियांची पूड द्यायची असेल तर द्या, कारल्याचा रस द्या, पण चालू गोळी किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. लहान मुलाचं इन्सुलिन तर एक दिवसही चुकवायचं नाही.

४. नवं असेल तरी विचारून घ्या

आपल्या भागात एक खोड आहे. डॉक्टरने नुसत्या गोळ्या दिल्या तर लोकांना समाधान वाटत नाही. ‘एक सुई मारा, एक बाटली लावा’ असा हट्ट धरतात. सर्दी, साधा ताप, अंगदुखी यांत सलाईनची गरज नसते. मीठ-पाणी आणि थोडी साखर शिरेतून जाते, त्याचे पैसे मात्र मजुरीचे दोन-तीन दिवस खातात. जो डॉक्टर ‘बाटलीची गरज नाही’ म्हणतो तो चांगला डॉक्टर, त्याला धरून राहा.

अँटिबायोटिकचं तर फारच जपा. विषाणूच्या सर्दीवर ती चालत नाही. ज्या गोळ्यांच्या पाकिटावर तांबडी उभी रेघ असते, त्या चिठ्ठीशिवाय आणू नका, शेजाऱ्याच्या उरलेल्या घेऊ नका आणि डॉक्टरने सांगितलेले दिवस पूर्ण करा. अर्धवट घेतली तर उरलेले जंतू निगरगट्ट होतात. क्षयाच्या औषधाचे सहा महिने म्हणजे सहा महिने, वजन वाढलं, खोकला गेला तरी पूर्ण करायचे.

आणि नव्या शास्त्रातली सगळ्यात मोठी गोष्ट बरेचदा सगळ्यात स्वस्त असते. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारोंना वाचवलं. जुलाब लागले की एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला आणि घोट घोट पाजत राहा. पाकीट मिळालं तर ते आणखी चांगलं. लहान मुलाला आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या चौदा दिवस द्या. ज्वारीची आंबील, भाताची पेज, ताक चालू ठेवा. जुलाबात पोटाला उपाशी ठेवू नका.

५. स्वयंपाकघरात चिन्यांचं आणि आपलं पटतं

चिनी घरातही आंबा उष्ण आणि मूग थंड मानतात. सर्दीला आलं आणि गूळ उकळून देतात. बाळंतिणीला महिनाभर घरात, ऊबेत, पौष्टिक खाऊन बसवतात, जसं आपण सव्वा महिना बसवतो. दोन्हीकडच्या बायकांनी हे एकमेकींना न विचारता शोधलं, म्हणून मला त्यात तथ्य दिसतं.

त्यातलं ठेवायचं काय? बाळंतिणीची विश्रांती ठेवा, डिंकाचे लाडू, मेथी, अळीव ठेवा, घरकामातून सुटका ठेवा. टाकायचं काय? बंद खोलीतली धुराची शेगडी टाका, तिने आई आणि बाळ दोघांचा श्वास कोंडतो. पाणी कमी प्यायला लावणं टाका. पहिला चीक पिळून फेकणं टाका, बाळाला तो तासाभरात मिळालाच पाहिजे. लोहाच्या गोळ्या आणि बाळाची लस चुकवू नका.

उन्हाळ्याचंही असंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कैरीचं पन्हं, ताक, डोक्याला उपरणं, दुपारी रानातून परतणं, हे शहाणपण पूर्वजांनी अनुभवाने मिळवलं. ते पाळा. खिशातला कांदा मात्र ऊन थांबवत नाही. माणूस बरळायला लागला, अंग चटके बसण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, ओल्या फडक्याने वारा घाला आणि तसंच करत दवाखान्यात न्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

रोजच्या ताटात कळण्याची भाकरी, पालेभाजी, डाळ, शेंगदाण्याची चटणी, ताक राहू द्या. शेवभाजी सणासुदीला. चिनी लोक जेवणाबरोबर कोमट पाणी पितात, पोट पूर्ण भरण्याआधी उठायला म्हाताऱ्यांना शिकवतात. आपल्या घरातही माझे वडील दोन घास कमीच खायचे. ही सवय कोणत्याही देशाची असो, उचलण्यासारखी आहे.

६. सुई, तुंबडी आणि डाग

ॲक्युपंक्चरबद्दल सरळ सांगतो. जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी, मळमळ, यांत अनेकांना त्याने आराम पडतो, आणि तसे अभ्यासही झाले आहेत. त्याच अभ्यासांत असंही दिसलं की चुकीच्या जागी सुई टोचली तरी काहींना थोडा आराम पडतो. म्हणजे गुण आहे, पण तो माफक आहे. दुखणं कमी होईल, झीज भरून येणार नाही.

१९७१ मध्ये जेम्स रेस्टन हा अमेरिकी पत्रकार पेकिंगमध्ये आजारी पडला. चिनी डॉक्टरांनी त्याचं अपेंडिक्स पाश्चात्त्य पद्धतीनेच भूल देऊन कापून काढलं, आणि नंतर पोट फुगून दुखू लागलं तेव्हा सुया टोचून आराम दिला. त्याने हे लिहिल्यावर अमेरिकेत ॲक्युपंक्चरची चर्चा सुरू झाली. लोकांनी त्यातली फक्त सुई लक्षात ठेवली. तुम्ही दोन्ही लक्षात ठेवा. कापायचं ते कापलं, सुई टोचायची तिथे टोचली.

सुईकडे जायचं तर चार गोष्टी बघा. एक, आधी डॉक्टरकडून निदान करून घ्या, कारण कंबरदुखीमागे मणक्याचा क्षय किंवा मुतखडाही असतो. दोन, सुया पाकीटबंद असाव्यात, तुमच्यासमोर फोडाव्यात, वापरून टाकाव्यात. तीन, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. चार, महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, नोंदणी करणारी परिषद आहे, तेव्हा नोंदणी विचारा. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर थांबा.

मळमळीवर एक साधा बिंदू माझ्या माहितीत आहे, त्याला सुई लागत नाही. मनगटाच्या आतल्या घडीपासून वर रुग्णाची स्वतःची तीन बोटं आडवी ठेवा. त्यांच्या पलीकडे, मधल्या दोन दोऱ्यांसारख्या शिरांच्या मध्ये अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा. घाटातल्या प्रवासात करून बघा. नुकसान काहीच नाही.

तुंबडी आपल्याकडेही होती, चीनमध्येही बांबूच्या आणि काचेच्या तुंबड्या लावतात. कातडी न कापता लावली तर फार तर काळा डाग राहतो. कापून रक्त काढणारी तुंबडी नको, एकाची कावीळ दुसऱ्याला लागते. आणि बाळाच्या पोटावर तापल्या सळईने डाग देणं, जे मेळघाटात आणि सातपुड्यात अजून कुठे कुठे होतं, ते कुणीही, कधीही करू नये. चिनी वैद्य दवण्याच्या कुळातल्या पाल्याची कांडी पेटवून कातडीजवळ ऊब देतात, तीही तान्ह्या बाळाला देऊ नये.

७. दोन औषधांची गाठ घालून द्या

खिडकीमागे मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटायची. माणूस डॉक्टरपासून काढा लपवतो आणि वैद्यापासून गोळी लपवतो. पोटात गेल्यावर दोन्ही एकत्रच होतात.

ज्येष्ठमध आपल्याही वैद्यकात आहे आणि चिनी काढ्यांत तर ते फार वापरतात. घशाला चांगलं, पण रोज खूप दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाच्या माणसाने ते रोज चघळू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर जिनसेंग किंवा हळदीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. स्वयंपाकातली हळद खुशाल खा. करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. झाडाचं आहे म्हणजे निर्धोक आहे, असं समजू नका.

बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन घटवायला चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. ठरलेल्या वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातली विषारी वनस्पती गेली होती. वैद्य झाड ओळखून देतो आणि बाजार पाकीट विकतो, हा फरक ध्यानात ठेवा.

सांधेदुखीवरची बिननावाची पुडी एका दिवसात चमत्कार करत असेल तर तिच्यात स्टेरॉइड असण्याचा संशय धरा. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि महिनोन्‌महिने घेतलेली ती अचानक बंद केली तरी जीवाला धोका असतो, म्हणून ती घेऊन डॉक्टरकडे जा आणि खरं सांगा.

घरात एक कापडी पिशवी ठेवा. ज्याच्या-त्याच्या चालू गोळ्या, काढे, चूर्णं, भस्मं, सगळं तिच्यात. कुठल्याही डॉक्टरकडे किंवा वैद्याकडे जाताना ती पिशवी टेबलावर ठेवा.

८. माणूस पारखा

चीनने १९६० च्या दशकाच्या शेवटी खेड्याखेड्यांत अनवाणी डॉक्टर तयार केले. शेतकऱ्यांतलीच मुलं-मुली, थोडं शिकवून, थोड्या पाश्चात्त्य गोळ्या आणि थोड्या स्थानिक वनस्पती देऊन. लस टोचणं, पाणी स्वच्छ ठेवणं, बाळंतपण सांभाळणं आणि वेळेत पुढे पाठवणं, हे त्यांचं काम. आपल्या महाराष्ट्रात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं आणि गावं बदलून दाखवली. आज तेच काम तुमच्या गल्लीतली आशाताई करते. तिला मान द्या, तिचं ऐका. लसीची तारीख आणि गरोदर सुनेचं वजन तिच्या वहीत असतं.

डॉक्टर असो की वैद्य, तो आजाराचं नाव सांगतो का? औषधाचं नाव लिहून देतो का? किती दिवसांत फरक पडेल हे सांगतो का? ‘हे माझ्याने होणार नाही, पुढे न्या’ असं म्हणतो का? या चार प्रश्नांना ‘हो’ असेल तर तो माणूस विश्वासाचा. कर्करोगापासून काविळीपर्यंत सगळं एकाच औषधाने बरं करतो म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नका, मग तो कोणत्याही शास्त्राचं नाव घेवो.

९. म्हातारपणी हलतं राहा

चीनच्या बागांत सकाळी म्हातारे सावकाश ताई ची करताना दिसतात. त्याने तोल सुधारतो आणि पडणं कमी होतं, हे पाश्चात्त्य अभ्यासांनीही मानलं आहे. आमच्या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस पुष्कळदा पुन्हा उभा राहत नाही. तुम्हाला ताई ची येत नसेल तर आई-वडिलांना रोज अर्धा तास चालवा, भिंतीला धरून एका पायावर उभं राहायला लावा, झेपतील तेवढे सूर्यनमस्कार घालू द्या. न्हाणीघरातली निसरडी फरशी बदला, रात्री दिवा ठेवा, चष्म्याचा नंबर वर्षाला तपासा. आणि त्यांच्याशी बोला. एकटेपणाने झोप जाते, भूक जाते, आणि त्यावर कुठल्याच देशाकडे गोळी नाही.

शेवटी तीन कामं सांगतो, ती याच आठवड्यात करा. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना पाठ करायला लावा. औषधांची पिशवी शिवून खुंटीला टांगा. आणि घरात तिशीच्या पुढचे जेवढे आहेत तेवढ्यांचा रक्तदाब आणि साखर आरोग्य केंद्रात जाऊन बघून या. चिनी, आयुर्वेदिक, इंग्रजी, या वादात घराघरांत भांडणं होतात आणि तोवर रुग्णाची वेळ निघून जाते. आपल्या घरात असं होऊ देऊ नका.